ट्रेलरमधल्या बंदुका ओळखायच्या आहेत: आठ फ्रेम, आठ प्रश्न

दिंडोशी_पूर्व
सध्या सगळीकडे फिरणाऱ्या त्या परीराज्याच्या चित्रपटाचा ट्रेलर बहुतेकांनी पाहिला असेल. नाव मुद्दाम घेत नाही, घेतलं की धागा नटांवर आणि कथेवर घसरतो. मला फक्त हत्यारांबद्दल बोलायचंय. ट्रेलर थांबवून थांबवून आठ फ्रेम काढल्या आहेत. चित्रं चढवता येत नाहीत म्हणून वर्णन देते.

१. किल्ल्याच्या दारावरचे पहारेकरी. लांब सडपातळ बंदूक, दस्ता जवळपास सरळ, नळीवर चामड्याचे वेढे. घोड्याच्या जागी वाकडा लोखंडी तुकडा, त्याच्या चिमट्यात काहीही नाही. उजव्या अंगाला चकचकीत पितळी प्लेट.
२. पायदळाची रांग, वीस-पंचवीस बंदुका, गारेच्या (गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या) वाटतात.
३. खलनायकाची बंदूक. पितळी ड्रॅगन चिकटवलेला, चापाच्या मागे खाली लांब कडी.
४. राणीचं पिस्तूल. चापाच्या जागी छोटी गोळी, गार्ड नाही, मुठीच्या टोकाला पांढरा गोळा.
५. राक्षसाची तोंड फाकलेली आखूड बंदूक.
६. चोराचं पिस्तूल, चार नळ्या, चारही बाहेरच्या बाजूला फाकलेल्या.
७. बुरुजावरचा नेमबाज. फार लांब नळी, दस्ता खाली खोल वाकलेला.
८. यांत्रिक शिपाई. बोथट तोंडाची रायफल, पुढच्या लाकडावर तार गुंडाळलेली.

प्रत्येकीचा मूळ सांगाडा कुठला, आणि ती धातूची, लाकडाची की रबराची, एवढं कळलं तरी पुरे.

ठासणीची_बंदूक
सुरुवात नेहमी यंत्रापासून करा. म्हणजे घोडा, रंजकदाणी (रंजक म्हणजे पेटवायची बारीक दारू, ती ठेवायची वाटी), चाप आणि त्यांना धरणारी लॉकप्लेट. त्यानंतर नळी दस्त्याला कशाने बांधली आहे ते, मग तोंड, मग दस्त्याचा आकार. नक्षी, ड्रॅगन, खडे हे सगळ्यात शेवटी. कलाविभाग बंदूक सजवताना नेमका उलट्या क्रमाने जातो. नक्षी स्वस्त असते, ती आधी बदलते. यंत्र बदलणं किचकट, म्हणून ते बहुधा मूळचंच राहतं. आत काय दडलंय ते यंत्रच सांगतं.

त्याआधी एक तपासणी करा. फ्रेम उलटवलेली तर नाही ना? जुन्या लांब बंदुकांत यंत्र उजव्या अंगाला असतं, डावखुऱ्यांसाठी बनवलेल्या फारच थोड्या. यंत्र डावीकडे दिसलं की अंगरख्याची बटणं, तलवारीची बाजू, मागच्या पाटीवरची अक्षरं बघा. संकलनात शॉट आडवा पलटवणं नेहमीचं आहे.

फ्रेम १. चामड्याचे वेढे आणि सरळ बारीक दस्ता म्हणजे आपल्याकडची तोडेदार, तोड्याने म्हणजे पेटत्या दोराने उडणारी. हिच्यात घोडा दस्त्यातल्या चिरेतून वर येतो आणि चाप दाबला की पुढे, तोंडाच्या दिशेने झुकतो. यंत्र लाकडाच्या आत असतं, बाहेर वेगळी लॉकप्लेट नसते. युरोपी तोड्याच्या बंदुकीत प्लेट बाहेर असते, घोडा रंजकदाणीच्या पुढे बसवलेला असतो आणि तो बंदूकधाऱ्याकडे मागे पडतो. जपानीतही घोडा पुढेच पडतो, पण तिचा दस्ता खांद्याला लागत नाही, गालाशी संपतो. शिवाय पितळी यंत्राची कमान, म्हणजे स्प्रिंग, बाहेर दिसते. तुमच्या वर्णनातली पितळी प्लेट तोडेदारच्या अंगावर उपरी आहे. म्हणजे भारतीय घाटाची नवी प्रतिकृती, वर युरोपी बंदूक बघून ठोकलेला पत्रा.

चिमटा रिकामा आहे ही खरी गंमत. तोडाच नाही तर रंजक पेटणार कशाने? सेटवर तोडा काढून टाकतात कारण पेटता दोर प्रत्येक शॉटला आखूड होतो आणि कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ, बिघडते. उपाय साधा आहे. न पेटवलेला सुती दोर चिमट्यात द्यायचा, टोकाला बोटाच्या पेराएवढी राख रंगवायची, निखारा नंतर व्हीएफएक्सवाले घालतील. दोराचं दुसरं टोक मनगटाला किंवा दस्त्याला गुंडाळलेलं दिसायला हवं, नुसता चार बोटांचा तुकडा खोटा वाटतो.

परळ_वर्कशॉप
फ्रेम २ ब्राउन बेस, ब्रिटिश पायदळाची जुनी मस्केट. पितळी फिटिंग, गारेचा घोडा, लाल डगले. विषय संपला.

सोरा_गंधक_कोळसा
इतक्यात संपवू नका, परळकर. ब्राउन बेस हे एका घराण्याचं नाव आहे. लाँग लँड पॅटर्नची नळी ४६ इंच, शॉर्ट लँडची ४२, आणि ईस्ट इंडिया कंपनीसाठी बनलेल्या इंडिया पॅटर्नची ३९. हीच शेवटची १७९७ मध्ये ब्रिटिश सरकारी लष्करानेही उचलली. इंडिया पॅटर्न ओळखायच्या खुणा: गज (ठासायची सळई) धरणाऱ्या नळकांड्या चारऐवजी तीन, मनगटावरची पितळी ढालपट्टी गायब, एकूण पितळकाम कमी. १८०९ नंतरच्या घोड्याची मान बगळ्यासारखी मोकळी न राहता मध्ये भोक ठेवून भरीव केलेली, कारण बारीक मान तुटायची.

पण मुख्य मुद्दा वेगळा आहे. ब्राउन बेसची नळी दस्त्याला आडव्या खिळ्यांनी धरलेली असते. बाहेरून नळीभोवती कडी दिसत नाही. फ्रेम २ मध्ये डावीकडून तिसऱ्या शिपायापासून पुढच्या सगळ्या बंदुकांवर मला नळीभोवती तीन कड्या दिसतात. म्हणजे रांगेत दोन जातींचा माल आहे.

परळ_वर्कशॉप
तीन कड्या म्हणजे फ्रेंच. १७७७ ची शार्लव्हिल.

सोरा_गंधक_कोळसा
असती, तर रंजकदाणी पितळी असती आणि घोड्याच्या मानेला बळकटीचं भोक असतं. इथे दाणी काळी आहे. आणि नळीवर मागे, यंत्राच्या थोडं पुढे, उभी राहणारी शिडीची माशी (नेम धरायची खूण) आहे. गारेच्या मस्केटला मागची माशीच नसते. ब्राउन बेसला तर पुढे संगिनीचा खुंट असतो, तोच माशीचं काम करतो. शिडीची माशी म्हणजे रायफल. तीन कड्या, शिडी, ३९ इंची नळी: ही १८५३ ची एनफिल्ड आहे आणि तिच्यावर गारेचा मुखवटा चढवला आहे.

दिंडोशी_पूर्व
एनफिल्ड तर टोपीची ना? मग गारेचा घोडा कसा दिसतो?

सोरा_गंधक_कोळसा
टोपीचीच, म्हणजे निपल नावाच्या बोंडावर बसवलेली छोटी स्फोटक टोपी घोड्याने ठोकली की उडणारी. मुखवटा असा चढतो. मूळ घोडा काढून त्याच आऱ्यावर गारेचा घोडा बसवतात. लॉकप्लेटच्या वरच्या कडेला वाकवलेल्या पत्र्याची रंजकदाणी स्क्रूने लावतात. तिच्यापुढे, गार जिच्यावर आपटते त्या पोलादी पत्त्याची नक्कल, तिला फ्रिझन म्हणतात, तीही एका स्क्रूवर. लांबून चालून जातं. हॉलिवूडमध्ये हा प्रकार जुना आहे. तिथे स्प्रिंगफील्ड ट्रॅपडोअर रायफलींना खोटी गार लावून शंभर वर्षं आधीच्या युद्धांत उभं करायचे, कारण मागून रिकामं काडतूस भरता येतं आणि शॉट झटपट होतो.

जवळून पकडायचं तर या जागा बघा.

रंजकदाणी खऱ्या गारेच्या यंत्रात लॉकप्लेटच्या खाचेत बसते आणि नळीला घासून असते, कारण तिच्यातली आग नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक भोकातून, आत जायची असते. मुखवट्यात दाणी आणि नळी यांच्यात फट दिसते, किंवा दाणी कानापेक्षा पुढेच बसलेली असते.

फ्रिझनच्या टाचेखाली स्वतंत्र कमान असते. त्या कमानीमुळे फ्रिझन एकतर घट्ट मिटलेलं नाहीतर पूर्ण पुढे पडलेलं राहतं, अधेमधे थांबत नाही. तुमच्या फ्रेममध्ये दोघांचं फ्रिझन अर्धवट उघडं आहे. कमान नाही हे तिथेच कळतं.

घोड्याच्या जबड्यातली गार फ्रिझनला भिडेल इतकी पुढे हवी. खोट्यात ती बोटभर मागेच थांबते.

याच्या उलटाही प्रकार असतो, आणि तो खरा ऐतिहासिक आहे. टोप्या आल्यावर जुन्या गारेच्या बंदुका टोपीच्या करून घेतल्या गेल्या. त्यांच्या लॉकप्लेटवर दाणी आणि कमानीच्या जागची भोकं बुजवलेली दिसतात आणि कानात आडवं नळकांडं स्क्रू करून त्यावर टोपीची निपल बसवलेली असते. अशी बंदूक दिसली की ती प्रॉप म्हणून बिघडवली आहे असा आरोप घाईने करू नका.

कुंदा
मापाने खात्री करता येईल का? माझ्याकडे फ्रेम २ ची चांगली बाजूची प्रत आहे, बंदूक साधारण ९०० पिक्सेल लांब.

सोरा_गंधक_कोळसा
करता येते, पण नेमकी इथेच फसते. पद्धत अशी: बंदूक कॅमेऱ्याला समांतर असलेली स्थिर फ्रेम घ्या. कान किंवा निपलपासून तोंडापर्यंत म्हणजे नळी, आणि तोंडापासून कुंद्याच्या टाचेपर्यंत म्हणजे एकूण लांबी. पहिलीला दुसरीने भागा. माणसाच्या उंचीशी तुलना करू नका, नटाची खरी उंची आणि टाचांचे बूट कोणाला माहीत.

लाँग लँड ४६ भागिले ६२, म्हणजे ०.७४.
इंडिया पॅटर्न ३९ भागिले ५५, ०.७१.
एनफिल्ड १८५३, ३९ भागिले ५५, पुन्हा ०.७१.
मार्टिनी-हेन्री ३३.२ भागिले ४९, ०.६८.
आखूड ली-एनफिल्ड २५.२ भागिले ४४.५, ०.५७.

इंडिया पॅटर्न आणि एनफिल्ड मापाने वेगळ्या निघतच नाहीत. कड्या आणि माशीच त्यांचा निकाल लावतात. शिवाय ९०० पिक्सेलमध्ये दोन्ही टोकांना दहा-दहा पिक्सेलची चूक धरली तर गुणोत्तर ०.०२ इकडेतिकडे होतं, म्हणजे ०.७१ आणि ०.७४ मध्येही एका फ्रेमवरून निर्णय देऊ नये. चार-पाच फ्रेम मोजून सरासरी घ्या. ०.५७ मात्र कशाशीच गल्लत होत नाही.

वाइड लेन्सने जवळून घेतलेली फ्रेम टाळा, कॅमेऱ्याकडचं टोक फुगतं. आणि चित्र ताणलेलं नाही ना हे बघा. कुठल्याही गोल वस्तूची, ढालीची किंवा चाकाची, रुंदी-उंची मोजा. समोरून घेतलेलं चाक लंबगोल आलं तर सगळी मापं कचऱ्यात.

माहीम_खाडी
जादूगार उडतायत, ड्रॅगन बोलतोय, आणि इथे कड्या मोजणं चाललंय. फँटसी आहे हो. त्या राज्यात एनफिल्डवर गार असेल, कोणी अडवलं?

ठासणीची_बंदूक
कोणीच नाही अडवलं. पण बंदूक ओळखणं वेगळं आणि चूक काढणं वेगळं, इथे पहिलं चाललंय. तरी विचारलंत म्हणून सांगतो. प्रेक्षकाला नळीची लांबी कळत नाही, पण बंदुकीची चाल कळते. ठासणीच्या बंदुकीने कसलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढतो. म्हणून रांगा लागतात, म्हणून पहिली रांग गुडघ्यावर बसते, म्हणून संगीन लागते. ट्रेलरमध्ये रांग आहे, संगीन आहे आणि तोच शिपाई दोन सेकंदांत दोन बार काढतो. मग रांग कशाला उभी केली? काल्पनिक जगालाही आपले नियम पाळावे लागतात, नाहीतर लढाईचा ताणच जातो.

दुसरं उदाहरण फ्रेम ३. ड्रॅगन बाजूला ठेवा. बाहेर घोडा नाही, चापाच्या गार्डमागे लांब लिव्हर, उजव्या अंगाला थेंबाच्या आकाराचा छोटा काटा. ही मार्टिनी-हेन्री, १८७१ पासूनची. लिव्हर खाली ओढला की आतला ठोकळा पुढच्या बाजूने खाली झुकतो, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि त्याच हालचालीत बंदूक ताणली जाते. नवं काडतूस हाताने घालायचं, लिव्हर वर. तो थेंबाचा काटा बंदूक ताणलेली आहे की नाही ते दाखवतो. मॅगझिन नाही, एक काडतूस, एक बार. खलनायक लिव्हरला हात न लावता तीनदा उडवतो आणि तिन्ही वेळा काटा एकाच जागी आहे. म्हणजे यंत्र हलतच नाही, किंवा अख्खं साच्यातून काढलेलं आहे.

माहीम_खाडी
बरं, हे पटलं. मग स्नायडर आणि मार्टिनीत गल्लत होत नाही का? दोन्ही मागून भरायच्या.

ठासणीची_बंदूक
स्नायडरला बाहेर मोठा घोडा आहे, कारण ती मुळात १८५३ च्या एनफिल्डचीच मागची बाजू कापून बनवलेली. वरचा ठोकळा उजवीकडे उघडतो, मग मागे ओढायचा म्हणजे रिकामं काडतूस सैल होतं, आणि बंदूक उलटी करून ते खाली पाडायचं. घोडा दिसला आणि खाली लिव्हर नसला की मार्टिनी नाही.

वस्तुसंग्रही
फ्रेम ४ आणि ७ वर लिहितो.

राणीचं पिस्तूल काकेशसकडच्या घाटाचं आहे. चापाऐवजी गोळी, गार्ड नाही, सरळ बारीक दस्ता, मुठीला मोठा गोळा. मूळ पिस्तुलांवर तो हस्तिदंताचा असतो, दस्त्यावर बहुधा काळं चामडं आणि चांदीचं काम. गजही पिस्तुलात नसतो, तो वेगळा बाळगायचा. पण या जातीचं यंत्र मिकेलेट असायला हवं. त्यात मोठी कमान प्लेटच्या बाहेर असते आणि घोड्याच्या पायावर दाब देते, जबडा आवळायच्या स्क्रूच्या डोक्यावर बहुधा कडी असते. ट्रेलरमध्ये प्लेट गुळगुळीत आहे, कमान आत. म्हणजे फ्रेंच पद्धतीचं यंत्र काकेशसच्या अंगावर. घाट अस्सल, यंत्र दुसरीकडचं. चोर बाजारात सजावटीची जी पितळी गारेची पिस्तुलं मिळतात त्यांत हेच यंत्र असतं: घोडा मागे येतो, चाप सुटतो, पण कमान मऊ आणि नळीला कान पाडलेलाच नसतो. त्यातलंच एखादं घेऊन नवी मूठ बसवली असावी. काम मात्र सुबक आहे, हे म्हणायलाच हवं.

फ्रेम ७ जेझैल, अफगाण. दस्ता खोल वाकलेला, पण टोक निमुळतं. हाच बाक आणि टोकाला माशाच्या शेपटीसारखा फाकलेला कुंदा असता तर सिंधकडची म्हटली असती. नळी लांब, बारीक कड्यांनी किंवा तारेने बांधलेली. अशा बंदुकांवर अनेकदा ईस्ट इंडिया कंपनीच्या मस्केटचं यंत्र बसवलेलं सापडतं, तेव्हा यंत्रावरची खूण बघावी. १८०८ पर्यंत कंपनीची हृदयाच्या आकाराची चौकटी खूण, त्यानंतर उभा सिंह. ट्रेलरमध्ये सिंह आहे.

मात्र खूण दिसली की लगेच भुलू नका. खैबरकडच्या कारागिरांनी ब्रिटिश बंदुकांच्या नकला करताना खुणाही नकलल्या, त्यात उलटा एन, चुकलेली स्पेलिंगं, आणि मुकुटाखाली व्ही.आर. लिहून पुढे १९०१ नंतरचं साल. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली, पुढच्या सालाशी तिची आद्याक्षरं जुळत नाहीत. आणि साच्यातून काढलेल्या प्रॉपवर खुणेच्या कडा विरघळल्यासारख्या गोल दिसतात. ठशाने मारलेल्या खुणेची कड तीक्ष्ण असते आणि भोवती धातू किंचित उचललेला असतो.

प्रत्यक्ष वस्तू बघायची असेल तर काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं शस्त्रदालन आहे. काचेला नाक लावून दस्त्याची जाडी आणि यंत्र दस्त्यात किती खोल बसलंय ते बघा. फोटोतून हे दोन्ही कळत नाही आणि प्रतिकृती बहुतेक वेळा तिथेच जाड होते.

कुंदा
फ्रेम ८ माझी. बोथट तोंड, नळी नाकाच्या टोपणाबाहेर जवळपास येतच नाही, बोल्टची मूठ चापाच्या अगदी जवळ, पुढे मॅगझिन. आखूड ली-एनफिल्ड, मार्क तीन, १९०७ पासूनची. वर दिलेलं ०.५७ लगेच जुळतं. मॅगझिन जास्त चौकोनी दिसलं तर ती इशापूरच्या शस्त्रकारखान्याची ७.६२ मिमीची आवृत्ती, १९६० च्या दशकातली.

पुढच्या लाकडावर गुंडाळलेली तार बघून सगळे म्हणतायत की ही वाफेच्या यंत्रयुगाची सजावट. नाही. इशापूरच्या बॉम्ब फेकायच्या रायफलींवर लाकूड फुटू नये म्हणून अशी तार मुळातच असते. सजवलेल्या बंदुकीत एखादी विचित्र गोष्ट मूळचीच निघते ती अशी.

लालबाग_पेंटर
आता साहित्याबद्दल, कारण धागाकर्तीचा अर्धा प्रश्न अजून तसाच आहे.

रबर. धावताना नळीचं टोक थरथरतं. आत सळई घालतात, तरी सळईच्या पुढचा भाग हलतोच. पट्ट्याच्या कड्या बघा: धातूच्या असतील तर झुलतात, साच्यातल्या असतील तर जागेवर गोठलेल्या. गज आणि दस्ता यांच्यात सावलीची फट नसेल तर गज दस्त्यासकट ओतलेला आहे. फ्रेम २ मधल्या मागच्या दोन रांगा शंभर टक्के रबर. वजनानेही कळतं. खरी मस्केट चार-साडेचार किलोची, ती एका हाताने उचलताना कोपर खाली जातं आणि कमरेत झोक येतो. मागचे शिपाई त्या झाडूसारख्या फिरवतायत.

फायबर आणि रेझिन. साच्याच्या जोडाची रेघ शोधा, दस्त्याच्या खालच्या कडेने किंवा नळीच्या दोन्ही अंगांनी सरळ जाते. घासून रंगवली तरी तिरक्या उजेडात दिसते. स्क्रूंच्या खाचा हाही चांगला पुरावा. एकाच साच्यातल्या प्रत्येक बंदुकीवर तोच स्क्रू त्याच कोनात. दोन बंदुकांवर एकाच जागी एकच पोचा दिसला तर विषय संपला. फ्रेम २ मध्ये पाचव्या आणि नवव्या बंदुकीच्या कुंद्यावर तोच अर्धगोल ठोका आहे.

लाकूड आणि धातू. पितळ पॉलिशच्या चाकावर जास्त फिरवलं की कडा गोल होतात, कोरीव रेषा भरून येतात. मग जुनं दाखवायला काळं करून पुसून काढतात. काळोखी फक्त खोलात राहायला हवी, पण घाईत ती उंच भागावरही राहते. खऱ्या वापरात हात लागतो तो भाग उजळतो: चापाचा गार्ड, घोड्याचं डोकं, मनगटाजवळचं लाकूड. फ्रेम १ मध्ये नेमकं गार्डवरच काळं साचलंय.

बॅरेलचं तोंडही बघा. कॅमेऱ्याकडे रोखलेल्या शॉटमध्ये भोक किती खोल जातं? प्रॉपचं भोक बहुधा दोन-तीन बोटांवर बुजलेलं असतं. आत काळा मॅट रंग दिला नसेल तर उजेड तळावर पडून चकाकतो.

फ्रेम ५ मी घेतो, वेळ लागणार नाही. तोंड ग्रामोफोनच्या कर्ण्याएवढं फुलवलंय. मूळ कडाबिनीचं तोंड बाहेरून फुगीर असतं, पण मागे नळी साधारणच रुंद. छर्रे पसरावेत म्हणून तोंड फाकवलेलं हा समज चित्रपटांनीच घट्ट केलाय. हलत्या जहाजावर, धावत्या गाडीवर पटकन भरता यावी हा फायदा. जहाजावरच्यांना पितळी नळी, गंजू नये म्हणून. नळीच्या वर दुमडलेली कमानीची संगीन या बंदुकीवरही असते, तिचं पेटंट १७८१ चं, म्हणून राक्षसाने ती खटकन उघडली त्यात खोटं काही नाही.

दिंडोशी_पूर्व
हे फारच उपयोगी आहे. कंटिन्युइटीच्या तक्त्यात हे कसं भरायचं? प्रत्येक बंदुकीला एक ओळ पुरते का?

लालबाग_पेंटर
ताई, एक ओळ पुरत नाही, कारण एकाच पात्राच्या हातात शॉटनुसार वेगळी वस्तू असते. जवळच्या शॉटला धातूची, धावायला रबराची, पडायला फोमची. प्रत्येक वस्तूला दस्त्याच्या टाचेखाली नंबर द्या, रंगाने नको, ठशाने किंवा कोरून. तक्त्यात नंबर, साहित्य, घोड्याची स्थिती (पडलेला, अर्धा, पूर्ण मागे), फ्रिझन उघडं की मिटलेलं, गज आहे की नाही, संगीन लावलेली की म्यानात, पट्टा कुठल्या खांद्यावर. सगळ्यात जास्त चुका फ्रिझनच्या होतात. बार होण्याआधी मिटलेलं आणि नंतर पुढे पडलेलं हवं. ट्रेलरमध्ये खलनायकाच्या साथीदाराचं बाराआधीच उघडं आहे, म्हणजे रंजक वाऱ्यावर. शॉट संपल्या संपल्या बाजूचा एक आणि यंत्राचा जवळचा एक, असे दोन फोटो घ्या. समोरून घेतलेला फोटो कामाचा नाही.

सोरा_गंधक_कोळसा
एक भर. गारेच्या बंदुकीचा उजेड दोन जागी होतो. आधी दाणीत भडका, मग लगेच तोंडातून. ट्रेलरमध्ये फक्त तोंडाला ज्वाला आहे. नंतर घातलेला परिणाम आहे हे त्यावरून कळतं. धूरही आखडून टाकलाय. काळ्या दारूचा पांढरा धूर पहिल्या फैरीनंतर रांगेसमोर लोंबकळत राहतो आणि पलीकडचं दिसेनासं होतं. दिग्दर्शकाला चेहरे हवे असतात म्हणून तो कमी करतात, ते समजू शकतो.

संपादक_मंडळ
दोन व्यक्तिगत संदेश आले म्हणून लिहितोय. हा धागा ओळखण्यापुरता आहे. ठासणीची असो की टोपीची, चालू स्थितीतली बंदूक भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५(क) ची सूट फक्त अशा जुन्या किंवा मोडक्या हत्याराला आहे जे दुरुस्त करूनही चालणार नाही. नकली बंदूक परवान्याशिवाय खरी करणं कलम ६ खाली गुन्हा आहे. शंभर वर्षांहून जुनी मूळ वस्तू असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागतो आणि ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. चालू कशी करायची, कुठे मिळेल, असे प्रश्न उडवले जातील.

परळ_वर्कशॉप
मोठ्या रिझोल्यूशनची प्रत आज आली, फ्रेम २ पुन्हा पाहिली. डावीकडच्या पहिल्या दोन बंदुकांवर कडी नाही, गजाच्या नळकांड्या तीन, घोड्याची मान भरीव: इंडिया पॅटर्नच्या प्रतिकृती, धातूच्या. तिसरीपासून आठवीपर्यंत एनफिल्ड, सोरा म्हणतात तशी शिडीची माशी स्पष्ट, दाणी आणि नळी यांच्यात फटही. नववी मात्र पाचवीची रबरी जुळी. दोघींचा ठोका सारखा म्हणजे साचा बहुधा पाचवीवरूनच घेतला, कारण पाचवीच्या पट्ट्याची कडी झुलते आणि नववीची नाही. तिच्या मागे सगळं रबर.

दिंडोशी_पूर्व
फ्रेम ६ राहिली की.

ठासणीची_बंदूक
ती सोपी आहे. फाकलेल्या चार नळ्यांचं गारेचं पिस्तूल, इंग्रजीत डकफूट म्हणतात. यंत्र एकच, रंजकदाणी एकच, आग एकाच वेळी चारही नळ्यांत जाते. एका माणसाने गर्दी थोपवायची असेल तेव्हाचं हत्यार, नेम धरायचं नाही. ट्रेलरमध्ये चोर डावीकडून उजवीकडे एकेक नळी उडवतो. या यंत्राने ते शक्य नाही, चारही ज्वाला नंतर घातल्या आहेत. आणि चौथ्या ज्वालेच्या वेळी घोडा अजून मागेच ताणलेला आहे.